भिजण्याची हौस आणि किंडरचे पठार

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की आपल्या दैनिकात सह्याद्रीतील भटकंतीचा मजकूर हमखास येतो आणि परदेशात राहूनही मी तो आवडीने वाचतो. त्याच वाचनावर आणि वीस-बावीस वर्षांच्या किल्लेभटकंतीवर विसंबून इंग्लंडच्या डोंगरात गेलेल्या आम्हा दोघांची फजिती कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, कारण येथे शिकायला वा नोकरीला येणारी आपली मुलेही तीच चूक करताना मला दिसतात.

गेल्या ऑक्टोबरात नाशिकचा माझा जुना मित्र मँचेस्टरला माझ्याकडे आला होता. रेल्वेने एडेल या खेड्यात उतरायचे आणि किंडर स्काउट या पठाराला कडेकडेने वळसा घालून संध्याकाळी परतायचे, अशी सुमारे 25 किलोमीटरची चाल आम्ही आखली होती. पठाराची सर्वांत उंच जागा 636 मीटर आहे, हे ऐकून मित्र हसला. कळसूबाई याच्या अडीचपट उंच आणि ती तर तो दर नवरात्रात चढतो. पाऊस सांगितला आहे, असे मी म्हणताच ‘मग तर मजाच’ हे त्याचे उत्तर होते. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स होती. खरे तर मी तेव्हाच त्याला घरी परत न्यायला हवे होते.

जेकब्ज लॅडर नावाच्या चढणीपर्यंत सारे ठीक चालले. वर पोहोचल्यावर मात्र या भूमीचा स्वभाव कळू लागतो. येथे ‘मूर’ म्हणतात त्या उघड्या भूमीला मराठीत माळरान म्हणावे तर आपल्या डोळ्यांपुढे कोरडे, खडकाळ माळ येतात, हे रान म्हणजे पाण्याने फुगलेला स्पंज आहे. हजारो वर्षे अर्धवट कुजत राहिलेल्या शेवाळ-गवताचा ‘पीट’ नावाचा काळा थर, त्यावर हेदरची खुरटी झुडपे, आणि झाड एकही नाही. पेनाइन वे ही 1965 साली खुली झालेली लांब पल्ल्याची पायवाट येथून जाते. चिखलात माणसे रुतू नयेत आणि पीट आणखी झिजू नये म्हणून तिच्यावर काही ठिकाणी बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतील फरश्या आणून अंथरल्या आहेत. गिरणगावात वाढलेल्या मला त्या फरश्यांवरून चालताना उगीचच ओळखीचे वाटते.

पश्चिम कड्यावरच्या किंडर डाउनफॉल या धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडत होते. नाणेघाटातला उलटा धबधबा आठवून मित्र तेथे दहा मिनिटे हात पसरून उभा राहिला. तेवढ्यात तो आतपर्यंत चिंब झाला. मग धुके उतरले आणि वळसा सोडून पठार मधूनच ओलांडण्याचे आम्ही ठरवले. येथे वाट सोडून चालण्याचा हक्क सहजी मिळालेला नाही. जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या याच पठारावर 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामकरी तरुण घुसले, त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला आणि मोकळ्या रानात फिरण्याची कायदेशीर मुभा इंग्लंडला पुढे 2000 सालच्या कायद्याने मिळाली. तो हक्क आम्ही नेमका धुक्यात बजावला.

नकाशावर ते अंतर जेमतेम सव्वादोन किलोमीटर. तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा हिशेब मी मनात मांडला होता. पण पाण्याने पीट कापून येथे माणसाच्या डोक्याहून खोल घळी केल्या आहेत; त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात. प्रत्येक घळीत घसरत उतरायचे, काळ्या राडीतून पलीकडे चढायचे, की लगेच पुढची घळ. दर वेळी दिशा थोडी चुकते आणि ओळखीची खूण म्हणून काहीच दिसत नाही. शेवटी मी होकायंत्र धरून मागे थांबायचे, मित्राने दिसेनासा होईपर्यंत पुढे जायचे, मी ओरडून त्याला डावी-उजवीकडे सरकवायचे आणि मग त्याच्यापाशी पोहोचायचे, असे आम्ही चाललो. मोबाइलचा ओला पडदा बोटाला दादच देत नव्हता.

तासाभराने मित्राचे बोलणे जड झाले. तो अडखळू लागला, आणि आश्चर्य म्हणजे थंडी वाजत नसल्याचे सांगू लागला. हवा सहा अंशांवर आणि वर सोसाट्याचा वारा. ओले सुती कपडे अशा वेळी अंगातील ऊब भराभर ओढून घेतात. आपल्याकडच्या जुलैतल्या सरीत अंगाला जे सुख वाटते, तेच येथे हायपोथर्मियाचे, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरण्याचे, पहिले पाऊल ठरते. एका खडकाच्या आडोशाला त्याचा शर्ट उतरवून माझ्याजवळचा जादा लोकरी स्वेटर, टोपी आणि जलरोधक जाकीट त्याला चढवले, थर्मासमधला गोड चहा पाजला. दोन तासांनी वूलपॅक्स नावाचे ते ग्रिटस्टोनचे, म्हणजे भरड वालुकाश्माचे, चित्रविचित्र खडक दिसले, दक्षिण कडा सापडला, आणि जेकब्ज लॅडरनेच आम्ही उतरलो.

येथे येणाऱ्यांना एवढेच कळवायचे आहे की डोंगराची उंची विचारण्याआधी वरचे तापमान आणि वारा पाहावा, कागदी नकाशा वापरायला शिकावे आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. अडचण आल्यास 999 या क्रमांकावर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे असते. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा फुंकरींचा आणि नंतर एक मिनिट थांबण्याचा आहे. मदतीला येणारे सारे स्वयंसेवक असतात.

मित्र मे महिन्यात पुन्हा येणार आहे. राहिलेला वळसा पुरा करू, पण जीन्स आणू नकोस, असे त्याला कळवले आहे.

कळावे,
आपला एक वाचक, मँचेस्टर