शुअरटी व्हायच्या आधी

टोरांटो,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

दुपारी फोन अर्धवट राहिला. बायकोला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या त्या मुलासाठी शेजारी तुला शुअरटी, म्हणजे जामीनदार, व्हायची गळ घालतोय, आणि "नुसती सही तर करायची आहे ना?" हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. फोनवर हो-नाही म्हणून त्याचं भागणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी आपल्याकडच्या कोर्टाची सवय डोक्यातून काढ. तिथे जामीनदार म्हटलं की सातबारा, ऐपतीचा दाखला, रेशन कार्ड. कागद खरे निघाले की काम झालं. इथे ऑंटारिओत कागद लागतातच, पण मुख्य प्रश्न वेगळाच असतो: हा मुलगा तुझ्या घरी राहून अट मोडायला लागला, तर तू स्वतः पोलिसांना फोन करशील का? याचं उत्तर मनात खळखळ न होता "हो" असेल तरच पुढे वाच. तुझा शेजारी कितीही गळ्यात पडला तरी भिडेखातर हे करू नकोस.

शुक्रवारी अटक झाली म्हणालास. जस्टिस (जामीन ठरवणारा न्यायाधिकारी) मिळण्यासारखा असेल तर २४ तासांच्या आत पोलिसांनी आरोपीला त्याच्यासमोर उभं करावं लागतं, म्हणून इथे शनिवार-रविवारीही बेल कोर्ट चालतं. त्यानंतर सुनावणी पुढे ढकलायची तर आरोपीच्या संमतीशिवाय एका वेळी तीन पूर्ण दिवसांपेक्षा जास्त ढकलता येत नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा आरोपीचा वकीलच तारीख मागतो, कारण शुअरटी तयार नसतो. म्हणजे घाई त्यांची आहे, तुझी नाही.

कायद्यात बेल नाकारायला तीनच कारणं आहेत. आरोपी तारखेला हजर राहणार नाही ही भीती, लोकांच्या (त्यात तक्रारदार बायको आली) सुरक्षिततेला धोका, आणि सोडलं तर न्यायव्यवस्थेवरचा विश्वास ढळेल अशी स्थिती. मारहाणीच्या आरोपात बहुतेक सगळा वाद दुसऱ्या कारणावर होतो, आणि तुझी गरज पडते तीही तिथेच. सुटकेच्या पायऱ्या असतात: आधी अटीविना, मग अटींसह, मग रकमेची हमी, मग शुअरटी, आणि रोख रक्कम भरणं शेवटी. वरची, जास्त कडक पायरी मागायची तर खालची का पुरत नाही हे एरवी क्राउनने (सरकारी पक्षाने) दाखवायचं असतं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये अँटिक नावाच्या खटल्याच्या निकालात हेच बजावून सांगितलं. तरीही ऑंटारिओत शुअरटी मागायची खोड जुनी आहे. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचार: "शुअरटी खरंच लागतो का?" पहिलाच गुन्हा, नोकरी आहे, राहायला दुसरी जागा आहे, असं असेल तर कदाचित तुझी गरजच नसेल.

लागलाच, तर आधी शपथेवर एक डिक्लरेशन भरावं लागेल. त्यात तुझं त्याच्याशी नातं काय, तुझी नोकरी काय, तुझ्यावर कधी गुन्हा होता का, त्याच्यावरचे आरोप आणि जुना रेकॉर्ड तुला ठाऊक आहे का, किती डॉलरपर्यंत हमी घेतोस, हे सगळं येतं. मग बहुधा साक्षही द्यावी लागेल. क्राउन उलटतपासणी घेईल, आणि इथेच भले भले घसरतात. एक जण छातीठोक सांगतो, "मी चोवीस तास लक्ष ठेवीन." पुढचाच प्रश्न येतो: तुमची शिफ्ट किती तासांची? बारा. घरी मग कोण असतं? कोणी नाही. झालं, योजना कोसळली. दुसरा म्हणतो, "तो असं करणारच नाही हो." तू तिथे त्याचा निर्दोषपणा सिद्ध करायला गेलेला नसतोस. असं बोलणारा माणूस पोलिसांना फोन करणार नाही, एवढंच जस्टिसला त्यातून दिसतं. त्यापेक्षा "आठ ते पाच मी कामावर असतो, तेव्हा बायको घरी असते, तिची तयारी आहे" हे खरं उत्तर शंभर पटींनी बरं. म्हणून वहिनींना आजच विचार. घर त्यांचंही आहे, आणि हे प्रकरण वर्षभर चालू शकतं. सुनावणी झूमवर असेल तर घरी बसून जॉइन हो, गाडीतून नको.

पैशांबद्दल: समजा ५,००० डॉलरची हमी लिहिली, तर ते आज भरायचे नसतात. अट मोडली गेली तर क्राउन ती रक्कम जप्त करायला अर्ज करू शकतं. तेव्हा न्यायाधीश तू राखण नीट केलीस का हेही बघतो. आणि त्याचे आई-वडील "तुमचे पैसे गेले तर आम्ही भरून देऊ" म्हणाले तर हात जोडून नाही म्हण. शुअरटीने फी किंवा भरपाई घेणं, नुसती कबूल करणं हाही क्रिमिनल कोडच्या कलम १३९ खाली गुन्हा आहे. आपल्या लोकांत हे कुणाला ठाऊक नसतं. प्रेमाने बोललेलं वाक्य गुन्हा ठरू शकतं.

आता अटी. त्याच्या बायकोशी "प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष" संपर्क नाही, ही हमखास असते. अप्रत्यक्ष या शब्दात सगळी मेख आहे. नाशिकहून त्याची आई दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेते, तो भंग. भावाकरवी "मला माफ कर" कळवलं, तो भंग. फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याने आधी बाहेर पडावं. आणि बायकोने स्वतः फोन करून "ये घरी" म्हटलं तरी अट कायम राहते, कारण ती कोर्टाने घातलेली आहे. तक्रार मागे घेणं तिच्या हातात नसतं, केस क्राउन चालवतं. तिला खरंच बदल हवा असेल तर वकिलामार्फत क्राउनची लेखी संमती घेऊन अट बदलून घेता येते. तोवर नाही. कपडे-कागद आणायचे तर आदेशात सोय असेल तशी, पोलिसाच्या सोबतीने.

अट मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मूळ आरोप पुढे गळून पडला तरी हा उरतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या झोरा खटल्यातल्या निकालाने दोन गोष्टी झाल्या: आरोपीने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने अट मोडली हे सिद्ध करावं लागतं, आणि अट जोखमीशी जोडलेली, गरजेपुरतीच हवी. म्हणून मारहाणीत दारूचा संबंधच नसेल तर "दारू पिऊ नये" ही अट निमूट मान्य करू नये. जितक्या जास्त अटी, तितके पाय अडकायचे दोर, आणि ते मोजत बसायचं तुला.

तू टीव्हीवरच्या "बेल फार स्वस्त झाली" या ओरड्याबद्दल विचारलंस. डिसेंबर २०२२ मध्ये ऑंटारिओत एक पोलीस मारला गेला, आरोपींपैकी एक जण बेलवर होता. त्यातून सी-४८ हा कायदा आला, ४ जानेवारी २०२४ पासून लागू. काही हिंसक, पुन्हा पुन्हा केलेल्या गुन्ह्यांत का सोडावं हे आता आरोपीने पटवायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेलं सी-१४ हे विधेयक हीच यादी खंडणी, हिंसक गाडीचोरी वगैरेंपर्यंत ताणतं. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन येतात, त्यांचा राग मला समजतो. पण ऑंटारिओच्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा खटल्याची वाट बघणारेच जास्त आहेत. पटवून द्यायचं ओझं असं आरोपीवर उलटवण्यापेक्षा लवकर खटला आणि सुटलेल्यावर खरी देखरेख यावर पैसे खर्चले असते तर बरं, असं माझं मत. आत्ता ती देखरेख तुझ्यासारख्यांवर ढकलली आहे, फुकट.

आणि जमेना तर? बाहेर पडायला वाट आहे. तू कोर्टात अर्ज करू शकतोस, किंवा त्याला घेऊन जाऊन कोर्टाच्या हवाली करू शकतोस. मग दुसरी योजना होईपर्यंत तो आत जातो. तुला वाईट वाटेल, पण त्याने अट मोडेपर्यंत थांबून रक्कम गमावण्यात शहाणपण नाही.

जायचं ठरलंच तर ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षीचं टॅक्सचं नोटीस ऑफ असेसमेंट आणि मॉर्टगेजचं स्टेटमेंट एका फाइलीत ठेव. त्याच्या वकिलाशी, नसेल तर ड्यूटी काउन्सेलशी (कोर्टात फुकट मदत करणाऱ्या वकिलाशी), आधी बोल. तो वकील त्याचा आहे, तुझा नव्हे, हे विसरू नकोस. वहिनी काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझा,
नंदू