पाळकसाहेब, ‘ठरतो’ या एका शब्दासाठी आभार

आदरणीय पाळकसाहेब,

बाबांना मातीला देऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गावाकडच्या प्रार्थनासभेतले एक वडीलधारे आईला म्हणाले, "विश्वास कमी पडला, नाहीतर बरे झाले असते." चाळीस वर्षं पहाटे गुडघे टेकणाऱ्या माणसाबद्दल हे! आई गप्प बसली. मीही बसले, आणि ते बोल मनात घेऊनच जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला परतले.

सेंट अ‍ॅना चर्चमध्ये तुम्ही भेटलात. 1518 साली धर्मसुधारक मार्टिन लूथर तिथे उतरला होता. 31 ऑक्टोबर 1999 ला लूथरन, म्हणजे त्याच्या पंथातले लोक, आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्याही तिथेच. तुम्ही यातलं काही सांगत बसला नाहीत. माझ्या हातातलं बाबांचं बायबल पाहून एवढंच विचारलंत, "रोमकरांस पत्र, 3:28. तुमच्या भाषेत कसं आहे?"

"विश्वासाने नीतिमान ठरतो," मी वाचलं. "होतो नाही, ठरतो. न्यायालयात निर्दोष ठरतात, तसं."

तुमचा चेहरा उजळला. तुम्ही सांगितलंत, सोळाव्या शतकातला लूथरन धर्मपंडित ओसिआंडर म्हणे की ख्रिस्ताचं ईश्वरी नीतिमत्त्व आत येऊन राहतं, त्यानेच माणूस नीतिमान होतो. बाकीचे म्हणत, देव ठरवतो म्हणून. लूथरनांमध्ये त्यावरून केवढं रण माजलं, आणि 1577 च्या फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड या लूथरन श्रद्धापत्राने ओसिआंडरचं मत नाकारलं. मग म्हणालात, "विश्वास म्हणजे भिकाऱ्याचा पसरलेला हात. हात केवढा, हे कोण मोजतं?"

मी तरी अडून बसले. आपल्या क्षमेसाठी देवाला ख्रिस्ताच्या रक्ताची किंमत हवीच होती का? तुम्ही उडवून लावलं नाहीत. मध्ययुगातल्या धर्मपंडित अन्सेल्मने ख्रिस्ताचं मरण देवाच्या मानाचं देणं मानलं, 1930 मध्ये स्वीडनच्या औलेन या धर्मपंडिताने ते मरणावरचा विजय मानलं, आणि आमच्यात यावर अजून एकमत नाही, हे सरळ सांगितलंत. "पण यातल्या कुठल्याही मतात तुमच्या वडिलांचा विश्वास तोलायला तराजू नाही."

मी रडले ते मात्र नंतर. तुम्ही पेन्सिल काढलीत आणि स्वतःच्या जर्मन बायबलच्या समासात ‘ठरतो’ लिहायला बसलात. तीनदा खोडलंत. प्रत्येक अक्षर कसं काढायचं, ते मला विचारत होतात. दुःखात असलेल्या माणसाला शिकवायला सगळेच धावतात. त्याच्याकडून काही शिकून घेणारं कुणी मला याआधी भेटलं नव्हतं.

आईला फोनवर सारं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना सांग, ‘ठ’ला वर दांडी असते."

तुमची,
अहिल्यानगरची एक मुलगी