सुई बाजूला ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लेकीचं निदान झालं. रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन, व्हॉन विलब्रँड फॅक्टर, 24 टक्के, त्याची कार्यक्षमता 21, आणि गोठण्यासाठीच लागणारं दुसरं प्रथिन, फॅक्टर आठ, 38; सगळेच कमी. पुन्हा तपासल्यावरही आकडे तिथेच. पहिल्या प्रकारचा व्हॉन विलब्रँड आजार, म्हणजे हा फॅक्टर कमी असल्याने रक्तस्राव लवकर न थांबणं. नाव डॉक्टरांनी सांगितलं, पण आकड्यांवर भरवसा ठेवता आला तो तुम्ही ज्या पद्धतीने रक्त घेतलंत त्यामुळे.

ती हुंदके देतच खुर्चीत बसली, तेव्हा तुम्ही सुई खाली ठेवलीत. "घाई नाही बाळा, आधी पाणी पी." बाहेर रांग लागलेली, तरी अर्धा तास थांबलात. रडण्याने, धावपळीने, तापाने हा फॅक्टर आणि फॅक्टर आठ दोन्ही चढतात; आजार सौम्य असेल तर मुलगी त्या दिवशी कागदावर ठणठणीत दिसते. हे ठाऊक असणारे पुष्कळ असतील. त्यासाठी थांबणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं.

दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडलात. निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरलीत, नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, त्याच्या 0.3 मिलीला 2.7 मिली रक्त. मग जोरात न हलवता तीन-चार वेळा अलगद उलटीसुलटी केलीत.

आधीच्या ठिकाणी नळी अर्धीच भरली होती. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठायला उगाच वेळ लागतो. वर ती तशीच बर्फात घालून शहरात धाडली. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा न करता रक्त गार केलं की हाच व्हॉन विलब्रँड फॅक्टर घटतो. तो रिपोर्ट डॉक्टरांनी बाजूलाच ठेवला.

त्याआधी दोन वर्षं "बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल आहे, वयात येताना होतंच असं" म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या. तासाला पॅड भिजायचं, घोळणा फुटला की वीस-वीस मिनिटं थांबायचा नाही. या आजारात बीटी-सीटीच काय, एपीटीटी ही गोठण्याची दुसरी तपासणीही नॉर्मल येऊ शकते, हे कुणी बोललं नाही. घरात आणखी कुणाला असं होतं का, एवढंही विचारलं नाही. पोटदुखीला आयबुप्रोफेन मात्र लिहून देत राहिले. रक्तस्राव वाढवणारं ते औषध आता बंद आहे, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड सुरू झालंय.

आजार आनुवंशिक, म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्या आईचं रक्त द्यायचंय. तिलाही आयुष्यभर "अंगावर जास्त जातं" एवढंच ऐकवलं गेलं. लेकीनं आईला बजावलंय, त्या ताई असतील त्याच दिवशी जायचं.