सीसी सारखे, यंत्र वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चेनसॉची निवड कशी करावी, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. परंतु इंजिनाचे सीसी आणि बारची (चेन ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पात्याची) लांबी सारखी असली, तर घरगुती आणि व्यावसायिक चेनसॉमधला फरक मुख्यतः नावाचा आणि किमतीचा उरतो, हे त्यातील विधान ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे, असे या यंत्रांची अनेक वर्षे दुरुस्ती करत आलेला माणूस म्हणून मला वाटते. सीसीचा आकडा सिलिंडरमध्ये पिस्टन किती जागेतून सरकतो, एवढेच सांगतो. ते इंजिन कशात बसवले आहे, चालवणाऱ्याच्या हातांना काय सोसावे लागते आणि बिघडल्यावर ते कसे उघडता येते, यांपैकी काहीही त्या आकड्यातून कळत नाही.

एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचे उदाहरण घेतो. स्टिलच्या एमएस २७१ आणि एमएस २६१ या दोन्ही चेनसॉ ५०.२ सीसीच्या आहेत. पहिलीची शक्ती सुमारे २.६ किलोवॉट आणि बार व चेन वगळून वजन सुमारे ५.६ किलो आहे. दुसरीची शक्ती सुमारे ३ किलोवॉट, तर वजन सुमारे ४.९ किलो आहे. म्हणजे व्यावसायिक यंत्र अधिक ताकदवान असूनही ७०० ग्रॅमने हलके आहे, आणि दर किलोमागे मिळणारी शक्ती पाहिली तर ती जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त भरते. जड यंत्र म्हणजे मजबूत यंत्र, हा समज मला गिऱ्हाइकांमध्ये वारंवार आढळतो. या यंत्रांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उलटा ठरतो, कारण ग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा वजन कमी करण्यासाठीच खर्च झालेला असतो.

हे हलकेपण येते ते क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा (क्रँकशाफ्ट) ज्यात बसतो त्या कवचातून. व्यावसायिक चेनसॉमध्ये क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो उभ्या रेषेत दोन भागांत जोडलेला असतो आणि तोच यंत्राचा सांगाडाही असतो. बार ज्या बोल्टांवर बसतो ते बोल्ट याच धातूत रोवलेले असतात, आणि इंजिनाची उष्णता याच धातूतून बाहेर पडते. बहुतेक घरगुती यंत्रांत इंजिन हा एक वेगळा गठ्ठा असतो आणि तो प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला असतो. थोडा वेळ काम करून यंत्र थंड होऊ दिले, तर ही रचना निर्वेधपणे टिकते. परंतु दिवसभर टाकीमागून टाकी रिकामी करत काम केले, तर याच चौकटीची कसोटी लागते.

दुरुस्तीतला फरक तर पहिल्याच खेपेला लक्षात येतो. व्यावसायिक यंत्राचा पिस्टन जळाला, तर वरचे आवरण काढायचे, सिलिंडरचे चार बोल्ट सोडायचे आणि नवा सिलिंडर-पिस्टन बसवायचा. क्रँकशाफ्टला हात लावावा लागत नाही. घरगुती यंत्रात त्याच कामासाठी संपूर्ण इंजिन चौकटीतून बाहेर काढावे लागते, खालचे झाकण उघडावे लागते आणि ते उघडले की क्रँकशाफ्ट बेअरिंगांसकट मोकळा होतो. पुन्हा जोडताना सीलंट (सांधा हवाबंद करणारा लेप) एका जागी जरी कमी पडले, तरी तेथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबरचे ऑइल कमी पडते आणि नवा पिस्टनही जळतो. अशा दुरुस्तीला लागणारा वेळ पाहता बरेच मालक ती नाकारतात आणि एरवी चांगले असलेले यंत्र भंगारात जाते. याचे मला दर वेळी वाईट वाटते.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, तो मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: कंपन. दीर्घकाळ कंपन सोसलेल्या हातांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात आणि बारीक वस्तू पकडण्याची क्षमता हळूहळू जाते. आजार पुढच्या टप्प्यात गेला की ही हानी सहसा भरून येत नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या दिवसासाठी दर सेकंद वर्गाला २.५ मीटर (कंपनाची तीव्रता या एककात मोजतात) ही कृतीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे मालकाने उपाय करायलाच हवेत अशी पातळी, आणि ५ मीटर ही कमाल मर्यादा ठरवली आहे. या गणितात कंपनाचा वर्ग घेतला जातो, त्यामुळे कंपन दुप्पट झाले की सुरक्षित वेळ निम्मा नव्हे, तर पाव होतो. हँडलवर ३.५ मीटर कंपन देणारे यंत्र सुमारे चार तास चालवल्यावर कृतीची पातळी गाठली जाते, तर ७ मीटर देणाऱ्या यंत्रावर ती सुमारे एका तासातच गाठली जाते. व्यावसायिक चेनसॉमध्ये हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगा वापरण्याचा प्रघात आहे. साध्या यंत्रांत बहुधा रबराचे तुकडे असतात, आणि ते पेट्रोल-ऑइलने व काळाने कडक होतात. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या हँडलचे आकडे स्वतंत्रपणे दिलेले असतात. रोज हे काम करणाऱ्या मजुराच्या हातात मालकाने घरगुती यंत्र दिले, तर वाचलेल्या पैशांची किंमत त्या मजुराची बोटे मोजतात.

याचा अर्थ प्रत्येकाने व्यावसायिक यंत्रच घ्यावे, असा मुळीच नाही. वर्षातून चार-दोन वेळा पडलेली फांदी कापणाऱ्याला घरगुती चेनसॉ पुरते, आणि ती नीट सांभाळली तर दीर्घकाळ पुरते. अशी यंत्रे कामाने मरत नाहीत, पडून राहिल्याने मरतात: टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल चिकट होते, कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात आणि पातळ पडदे ताठ होतात. ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण आज दोन्ही वर्गांतील अनेक यंत्रांना लागू असते. ते आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतून पडताळावे आणि यंत्र बराच काळ ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करावी. अनेक उत्पादक एकाच यंत्राला घरगुती वापरासाठी लांब आणि धंद्यातील वापरासाठी आखूड मुदतीची हमी देतात, यावरूनही निवड वापराच्या तासांवर व्हायला हवी, हे कळते. अमेरिकेतील पर्यावरणविषयक नियमांत हातात धरायच्या इंजिनांसाठी ५०, १२५ आणि ३०० तास असे तीन वर्ग आहेत. हे तास उत्सर्जन मर्यादेत राहण्याचे आहेत, यंत्राच्या आयुष्याचे नव्हेत. तरीही उत्पादकाने इंजिन हलक्या वापरासाठी बनवले आहे की जड, याचा अंदाज त्या वर्गावरून येतो.

धार हा तर वर्ग न पाहणारा विषय आहे. बोथट चेन लावलेली महागडी चेनसॉ धारदार चेनच्या साध्या यंत्रापेक्षा हळू कापते. लाकडाच्या ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की कानस हातात घ्यावी.

आता धोक्याविषयी. सात दात्यांच्या स्प्रॉकेटवर (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावर) ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग) चेन असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात ती सुमारे ११५ मिलिमीटर सरकते; मिनिटाला १०,००० फेरे असताना हा वेग सेकंदाला १९ मीटरच्या वर जातो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर बार निमिषार्धात चालवणाऱ्याकडे उसळतो. हे दोन्ही वर्गांच्या यंत्रांत घडते. फरक असा, की घरगुती यंत्राबरोबर बहुधा उसळी कमी करणारी चेन येते, तर व्यावसायिक यंत्रावर अनेकदा अधिक आक्रमक दात्यांची चेन असते आणि ती अननुभवी हाताला क्षमा करत नाही. म्हणून नवख्याने केवळ ऐपत आहे म्हणून मोठ्या वर्गाचे यंत्र घेऊ नये. चेन ब्रेक, चेन तुटल्यास ती अडवणारा खुंट आणि थ्रॉटल (वेगाची कळ) चुकून दाबली जाऊ नये म्हणून असलेले लॉक ही मात्र दोन्हींत असायलाच हवीत. पायांना कापणीरोधक पँट, डोळ्यांना जाळी आणि कानांना संरक्षण हे तर यंत्र घेतानाच घ्यायचे सामान आहे.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात सीसी, बारची लांबी आणि किंमत असे तीनच रकाने होते. पुढील वेळी किलोवॉटमधील शक्ती, बारविना वजन, दोन्ही हँडलांचे कंपन आणि सिलिंडर स्वतंत्रपणे बदलता येतो की नाही, हे चार रकाने त्यात वाढवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक व यंत्रदुरुस्ती कारागीर