शाळा एकत्र आहे, वर्ग अजून नाही

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कळव्यात नववी-दहावीच्या गणिताचा क्लास घेते. माझ्याकडे कन्याशाळेतल्या मुली येतात आणि एकत्र शाळांतली मुलं-मुलीही. मुलीला कुठे घालू, हे पालक मला दरवर्षी विचारतात. मी एकत्र शाळेच्याच बाजूची आहे. पण आपल्याकडे जिला एकत्र शाळा म्हणतात, ती बऱ्याचदा एका छपराखाली भरणाऱ्या दोन शाळा असतात.

प्रार्थनेला दोन रांगा. वर्गात खिडकीकडची बाकं मुलींची, दाराकडची मुलांची. स्नेहसंमेलन आलं की रांगोळी आणि पाहुण्यांचं स्वागत मुलींकडे, माईक आणि स्पीकर मुलांकडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बडबड करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवतात. सगळा वर्ग हसतो. आपल्या शेजारी बसणं ही शिक्षा आहे, हे त्या बाकावरच्या मुलीला त्या क्षणी सगळ्यांसमोर कळतं.

याचा परिणाम मला संध्याकाळी दिसतो. कन्याशाळेतली मुलगी सरळ फळ्याजवळ येते, "बाई, हे दुसऱ्या रीतीनंही सुटतं" म्हणून खडू मागते. एकत्र शाळेतली तितकीच हुशार मुलगी क्लास सुटेपर्यंत गप्प असते. अडलेलं गणित चपला घालताना हळूच विचारते. सगळ्याच अशा नसतात, पण पुष्कळ असतात. मग पालकांनी कन्याशाळा बरी म्हटलं तर त्यांना दोष कसा देऊ?

तरीही वेगळी शाळा हे त्यावरचं उत्तर मला पटत नाही. 2014 साली वेगळ्या आणि एकत्र शाळांची तुलना करणाऱ्या, 21 देशांतल्या 184 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रवेशातली निवड आणि घरची परिस्थिती लक्षात घेतलेल्या अभ्यासांत वेगळ्या शाळांचा फायदा नगण्य निघाला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये मात्र चिठ्ठ्या टाकून शाळा मिळायची आणि तिथल्या त्या काळातल्या आकड्यांत वेगळ्या शाळा पुढे दिसल्या. म्हणजे नुसत्या पाटीवर काही ठरत नाही, आत काय चालतं त्यावर ठरतं.

सुरक्षेचं कारणही पुढे केलं जातं. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरला, चिमुरड्यांवर अत्याचार झाले. आरोप होता शाळेत कामाला असलेल्या पुरुषावर, वर्गातल्या मुलांवर नव्हे. मुलींची शाळा वेगळी केल्याने असा माणूस आत यायचा थांबत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांची पडताळणी लागते, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीची बैठक कागदावर नाही, खरोखर व्हावी लागते.

म्हणून विनंती आहे, येत्या जूनआधी एक परिपत्रक काढा. बाकं मिश्र असावीत आणि दर महिन्याला जागा बदलाव्यात. मुलींशेजारी बसवण्याची शिक्षा बंद व्हावी. संमेलनाची कामं चिठ्ठ्या टाकून वाटावीत. आणि पट कमी झाला म्हणून एखादी कन्याशाळा दुसऱ्या शाळेत मिसळायची असेल, तर आधी त्या मुलींच्या आयांना शाळेत बोलवा. मुलींची पुरेशी, पाणी असलेली स्वच्छतागृहं त्यांना दाखवा आणि मगच आदेशावर सही करा. दिवा-कळव्यातल्या काही घरांत कन्याशाळा आहे म्हणूनच मुलगी आठवीच्या पुढे शिकते. ती शाळा घाईने बंद झाली, तर ती मुलगी एकत्र शाळेत जाणार नाही, घरी बसेल.

आपली नम्र,
गणिताची एक शिक्षिका
कळवा, जि. ठाणे