चिन्मयच्या जबड्याबद्दल

रामबाग, इंदूर

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुझा आवाज ऐकून मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. चिन्मयच्या खालच्या जबड्यात अमेलोब्लास्टोमा निघाला आणि "कॅन्सर नाही ना, मग खरवडून घेऊ" असं तुमच्याकडे ठरतंय. जरा थांब. 2014 मध्ये माझ्या जबड्यात हीच गाठ निघाली, तेव्हा हेच ऐकून आम्ही घरी पेढे वाटले होते.

ही गाठ दात घडवणाऱ्या पेशींपैकी मागे राहिलेल्यांतून होते. दुखत नाही, सावकाश वाढते. पण एक्स-रेत तिची जी कड दिसते, तिच्या पलीकडच्या जाळीदार हाडातही तिचे बारीक कोंब शिरलेले असतात. खरवडताना तेच मागे राहतात. माझे राहिले. महिन्याभरात मी सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू खात होतो. दोन वर्षं ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढला, मग कंटाळा केला. सातव्या वर्षी दाढ हलायला लागली.

दुसऱ्या वेळी गाठीभोवतीचं एक-दोन सेंटिमीटर चांगलं हाडही काढावं लागलं. उजवा जबडा गेला. पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून टायटॅनियमच्या पट्टीवर बसवलं. शोभा दिवसभर ऑपरेशन थिएटरबाहेर बसून होती. खालचा ओठ आजही बधिर आहे. चहा ओघळला तर तीच डोळ्यांनी खुणावते.

चिन्मयचंही असंच होईल असं मी म्हणत नाही. तो 19 वर्षांचा आहे. गाठ एकाच पोकळीची, युनिसिस्टिक असेल आणि पोकळीच्या भिंतीत शिरलेली नसेल, तर लहान ऑपरेशनात भागू शकतं. म्हणून आधी बायोप्सीत नेमका प्रकार काय लिहिलाय ते बघ. सर्जनना स्पष्ट विचार: कडेचं किती हाड काढणार, आणि परत आली तर पुढे काय? ऑपरेशन कुठलंही होवो, तपासणी सोडायची नाही. परतणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या 5 वर्षांत दिसतात, पण 10 वर्षांनंतरही आलेल्या आहेत. त्याला नोकरी लागेल, लग्न होईल, गाव बदलेल, तरी दरवर्षी ओपीजी. हे तू त्याच्याकडून कबूल करून घे. मला कुणी इतकं दटावून सांगितलं नव्हतं.

सीटी आणि बायोप्सीचा रिपोर्ट आजच व्हॉट्सॲपवर पाठव. सर्जनची वेळ कळव, अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढून वडोदऱ्याला येतो. तुझ्याबरोबर आत बसेन.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
मधू