नाना चौकातले नाना कोण?

संपादक महोदय, स. न.

परवा नाना चौकात स्कायवॉकखाली बसची वाट बघत होतो, शेजारच्या कॉलेजच्या पोराने मित्राला विचारलं, हे नाना म्हणजे नाना पाटेकर का रे, आणि मित्र म्हणाला असतील. हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

हल्ली बिझनेसवाला पॉलिटिक्समध्ये आला की आपण लगेच म्हणतो धंदा वाढवायला आला. बऱ्याचदा ते खरंही असतं म्हणा. पण या चौकातले नाना म्हणजे नाना जगन्नाथ शंकरशेट, जन्म १८०३, घरचा पिढीजात व्यापार, आणि पत एवढी की अरब, अफगाण व्यापारी बँकेत न ठेवता आपला पैसा यांच्याकडे ठेवायचे. मग हा माणूस १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन काढतो, म्हणजे काँग्रेसच्या तेहेतीस वर्षं आधी, सरकारला गाऱ्हाणी सांगायला. मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा देतो, तेसुद्धा लोक नावं ठेवत असताना. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली त्या रेल्वेच्या उभारणीत पण हे होतेच, आणि १८६२ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर नेमणूक. निवडून नाही हां, तेव्हा इलेक्शन कुठलं. तीनच वर्षांत, ३१ जुलै १८६५ ला गेले.

मुंबई सेंट्रलला त्यांचं नाव द्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, चांगलंच आहे, पण नुसत्या पाटीने त्या पोराला काय कळणार? चौकात चार ओळींचा माहितीफलक लावा, मराठीत, बसस्टॉपवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

– एक वाचक, गिरगाव